रुमाल टाकून धरलेली बोट

कस्तुरीबाई सदलगे इटलीत हरवल्या, ही बातमी त्या स्वतः परत यायच्या आधीच बेंगळुरूच्या जयनगरात येऊन पोचली होती. चौथ्या ब्लॉकातल्या इस्त्रीवाल्याला ती ठाऊक होती, फुलवालीला ठाऊक होती, आणि मराठी मंडळात तर ती ठाऊक नसलेला माणूस शोधून सापडला नसता. बातमीचे जनक त्यांचे यजमान रत्नाकरराव. छत्तीस वर्षं सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून काढलेला माणूस. कुठलीही गोष्ट मुद्देसूद सांगायची, आणि सांगितली की पुन्हा सांगायची, ही त्यांची सवय.

"स्त्रेझा म्हणून गाव आहे," ते सुरुवात करत. "मिलानहून आगगाडीनं तासाभरावर. तळं केवढं, तर पलीकडचा काठ दिसतो, पण काठावरचा माणूस दिसत नाही. आपल्या बेळ्ळंदूरच्या तळ्यासारखा फेस नाही, वास नाही. त्या तळ्यात तीन बेटं. बोटीनं जायचं. मी पुढं, ही मागं. वळून बघतो तर ही गायब. परका मुलूख, हिच्या फोनला रेंज नाही. मी काय केलं असेल, सांगा."

इथे ते चहाचा घोट घेत. समोरच्यानं विचारेपर्यंत दुसरा घोट घेत.

"डोकं स्वल्प शांत ठेवलं. शोधून काढली हिला, आणि मग तिन्ही बेटं दाखवून आणली."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा कस्तुरीबाईंना हसू आलं होतं. दहाव्यांदा ऐकलं तेव्हा त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. विसाव्यांदा त्यांना राग आला, आणि तो राग त्यांनी शहाण्या बाईसारखा डब्यात भरून फळीवर ठेवून दिला. कारण हरवल्या होत्या त्या नव्हेच. हरवले होते रत्नाकरराव.

रत्नाकरराव मूळचे निपाणीचे. निपाणीच्या एसटी स्टँडवर लहानाचा मोठा झालेला माणूस गाडीत कसा बसतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. गाडी फलाटाला लागायच्या आधी तिच्याबरोबर पळायचं, उघड्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा, आणि मग गर्दी ओसरल्यावर राजासारखं दारातून चढायचं. ज्याचा रुमाल त्याची जागा. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण निपाणीपासून संकेश्वरपर्यंत तो मोडायची कुणाची टाप नाही. रत्नाकरराव पुढे बेंगळुरूला आले, गाडी घेतली, विमानानं फिरले, पण खिशात धुतलेला पांढरा रुमाल आणि पायात ती धाव दोन्ही तशीच राहिली.

स्त्रेझाच्या धक्क्यावर त्या दिवशी गर्दी होती. लेक देवश्री मिलानला नोकरी करते, तिला सुट्टी नव्हती, म्हणून दोघंच आले होते. तिकिटं कस्तुरीबाईंच्या पर्समध्ये, दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा त्यांच्याच पिशवीत. एक पांढरी बोट धक्क्याला लागताना दिसली आणि रत्नाकररावांच्या अंगात निपाणी संचारली.

"तू सावकाश ये गं, मी जागा धरतो," म्हणत ते सुटले. दारातल्या माणसानं तिकीट विचारलं, तर मागे हात करून "वाईफ, वाईफ" असं दोनदा म्हणाले आणि आत घुसले. कस्तुरीबाई पाटी वाचत उभ्या होत्या. बेटांचं चित्र काढलेला बाण शेजारच्या धक्क्याकडे होता. "अहो, ही नव्हे," असं त्यांनी ओरडून सांगितलं, पण रत्नाकरराव खिडकीशी पोचले होते. सीटवर रुमाल पसरून ते दोन्ही हातांनी "ये, ये" करत होते. बोटीनं भोंगा दिला आणि ती तळ्याच्या पलीकडच्या काठाला निघाली. कस्तुरीबाईंच्या हातात फोन होता. त्यांनी फोटो का काढला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. नवरा डोळ्यांदेखत चालला होता, काहीतरी तर करायला हवं होतं.

पहिली पाच मिनिटं त्या घाबरल्या, हे कबूल केलं पाहिजे. धक्क्यावरच्या बाकावर बसून त्यांनी पर्स छातीशी धरली. मग त्यांना येलहंका आठवलं. एकोणचाळीस वर्षांपूर्वी साताऱ्याहून लग्न होऊन त्या बेंगळुरूबाहेर येलहंक्याच्या दोन खोल्यांत आल्या होत्या. नवरा सकाळी सातला कारखान्याच्या बसनं जायचा, आणि कन्नडचा एक शब्द येत नसताना त्या पिशवी घेऊन बाजारात उभ्या राहायच्या. बोट दाखवून, मान हलवून, "एष्टु" म्हणजे किती आणि "बेड" म्हणजे नको, एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी संसार लावला होता. त्या मानानं इटली सोपी होती. इथल्या पाट्यांवरची अक्षरं तरी वाचता येत होती.

त्या उठल्या, शेजारच्या धक्क्यावर गेल्या आणि बरोबर बोटीत बसल्या. त्यांना रुमालाशिवाय खिडकी मिळाली.

पहिल्या बेटावर राजवाडा होता. त्याच्या तळघराच्या खोल्या गोट्या-खड्यांनी मढवलेल्या, आणि मागे एकावर एक रचलेली बाग. त्या बागेत पांढरे मोर फिरत होते. अंगभर पांढरे, पिसाऱ्यासकट. एक मोर कस्तुरीबाईंच्या पुढ्यात येऊन उभा राहिला आणि दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिले. दुसरं बेट कोळ्यांचं, बोळ एवढे अरुंद की समोरून माणूस आला तर एकानं दारात शिरायचं. तिथे एका पायरीवर बसून त्यांनी दशमी खाल्ली आणि शेजारी भाजी निवडत बसलेल्या म्हातारीला चटणी दिली. म्हातारीला ठसका लागला, मग तिनं आणखी मागितली. दोन्ही बेटांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातात फोन देऊन त्यांनी आपला एकेक फोटोही काढून घेतला. तिसऱ्या बेटावर एक अवाढव्य झाड होतं. वादळात उन्मळलेलं ते झाड लोकांनी पुन्हा उभं केलं होतं आणि लोखंडी तारांनी चहूबाजूंनी ताणून धरलं होतं. झाड जगलं होतं. कस्तुरीबाई त्या झाडाखाली अर्धा तास बसल्या. इतक्या वर्षांत "चला, उशीर झाला" असं कुणी म्हटलं नाही असा हा पहिलाच अर्धा तास, आणि त्या अतिशय सुखात होत्या.

साडेचारला त्या परत स्त्रेझाच्या धक्क्यावर उतरल्या, तर बाकावर रत्नाकरराव. पलीकडच्या गावात परतीच्या बोटीची वाट बघत अडकले होते, पोटात सकाळच्या कॉफीशिवाय काही नव्हतं. त्यांनी आधी डबा मागितला. पाच दशम्या संपवल्या.

"देवश्रीला फोन केला होता मी," मग ते खाली बघत म्हणाले. "तू हरवलीस म्हणून सांगितलंय."

"मी?"

"घाईत तोंडातनं गेलं की. आता तेवढं सांभाळून घे. कुणाला बोलू नकोस."

त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. कस्तुरीबाईंना दया आली आणि त्यांनी शब्द दिला. कुणाला एक अक्षर बोलणार नाही.

शब्द महागात पडला तो जुलैमध्ये. देवश्रीला गणपतीच्या सुमाराला बाळ होणार होतं. रत्नाकरराव मंडळाच्या गणेशोत्सवाचे प्रमुख, त्यांना महिनाभर हलता येणार नव्हतं. म्हणजे कस्तुरीबाईंनी एकटीनं जायचं, मध्ये एकदा विमान बदलायचं आणि मिलानला उतरायचं. त्यांनी मेथीचे, डिंकाचे लाडू कुठल्या डब्यात न्यायचे इथपर्यंत विचार केला होता. आणि देवश्रीचा फोन आला.

"आई, राग मानू नकोस," ती म्हणाली. "तू दिवसाढवळ्या स्त्रेझाला हरवलीस. एवढ्या मोठ्या विमानतळावर काय करशील? मला या दिवसांत ती काळजी नको गं. प्रतिमाआई यायला तयार आहेत पुण्याहून. त्या दोनदा एकट्या आल्यात."

प्रतिमाआई म्हणजे देवश्रीच्या सासूबाई. चांगली बाई आहे. पण लेकीचं पहिलं बाळंतपण आणि तिथे आपण सोडून दुसरी कुणी, हे कस्तुरीबाईंना सोसेना. फोन ठेवून त्या बाथरूममध्ये गेल्या आणि नळ सोडून रडल्या.

"तिला खरं सांगा," बाहेर येऊन त्या रत्नाकररावांना म्हणाल्या.

"सरी, बरं, सांगतो की. वेळ बघून सांगतो."

वेळ बघण्यात दोन आठवडे गेले. रत्नाकरराव वाईट नव्हते, नुसते अडकले होते. गोष्ट आता इतक्या जणांना सांगून झाली होती, की ती मागे घ्यायची तर इस्त्रीवाल्यापासून सुरुवात करावी लागली असती. कस्तुरीबाईंनी लेकीला एकदा आडून सुचवलंही. "बाबांनाच विचार, नक्की काय झालं होतं," असं म्हणाल्या. त्यावर देवश्री हसली आणि म्हणाली, "आई, बाबा कसे चुकतील?"

अशात मंडळाचं पत्र आलं. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता श्री. रत्नाकर सदलगे यांचं सचित्र प्रवासकथन, 'तीन बेटांची नवलाई'. नंतर खारा भात, केसरी भात (इकडचा उपमा-शिरा) आणि कॉफी.

रत्नाकरराव तयारीला लागले. अडचण एकच होती. बेटं त्यांनी पाहिलीच नव्हती. चार दिवस ते वही घेऊन बायकोसमोर बसले आणि कारखान्यात अपघाताची चौकशी करावी तसे प्रश्न विचारू लागले. कस्तुरीबाईंनी सगळं खरं सांगितलं. गंमत अशी, की खरं तेवढंच त्यांना पटेना.

"पांढरे मोर? बदकं असतील."

"पिसारा होता हो."

"मोठी बदकं. आणि झाडाला तारा बांधून उभं करतात होय? लोक हसतील. काढून टाक ते."

त्यांनी मोर खोडले, झाड खोडलं. मग फोटोंकडे वळले. फोटो सगळे कस्तुरीबाईंच्या जुन्या फोनमध्ये, ज्याचा पडदा पानाच्या डबीएवढा. त्यात मोरही बदकासारखाच दिसे. रत्नाकरराव अंगठ्यानं एकेक पुढे ढकलत गेले. पहिलाच फोटो पांढऱ्या बोटीचा होता.

"हा छान आलाय. ही बोट कुठली?"

"स्त्रेझाची," कस्तुरीबाई म्हणाल्या. खोटं एक अक्षर नव्हतं.

"सुरुवात यानंच करू. आणि सगळे फोटो वेळेच्या क्रमानं लागले पाहिजेत. कोपऱ्यात तारीख, वेळ दिसली पाहिजे. पुराव्याशिवाय बोलायची आपली पद्धत नाही."

कस्तुरीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. तो फोटो दोन बोटांनी मोठा करून त्यांनी निदान पन्नासदा पाहिला होता. पुसून टाकायचं बटण अंगठ्याखालीच होतं. दिलेला शब्द त्यांनी मनातल्या मनात पुन्हा वाचून पाहिला. बोलणार नाही, एवढाच तो होता. दाखवण्याबद्दल काहीच ठरलं नव्हतं.

"लावा की," त्या म्हणाल्या, आणि कुकर लावायला उठल्या.

रविवारी मंडळाचा हॉल भरला होता. चिटणीस गिरीराज यांनी नवा प्रोजेक्टर आणला होता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. चित्र समोरच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पडत होतं. शिवाय बाहेरगावच्या नातेवाइकांना कार्यक्रम दिसावा म्हणून त्यांनी टेबलावर एक लॅपटॉप मांडला होता. त्यात मिलानहून देवश्री दिसत होती, हातात भाताची ताटली घेऊन. तिच्याकडे तेव्हा जेवणाची वेळ होती.

रत्नाकररावांनी कोट घातला होता. प्रास्ताविक झालं, तळ्याची लांबी-रुंदी झाली, बेळ्ळंदूरचा फेस झाला आणि लोक ठरल्याप्रमाणे हसले. "आता धक्क्यावर काय प्रसंग ओढवला ते सांगतो," ते म्हणाले. "मी पुढं, ही मागं. वळून बघतो तर ही गायब. गिरीराज, पहिला फोटो."

भिंतीवर बोट आली. पानाच्या डबीत जी नुसती पांढरी बोट होती, ती इथे दहा फुटांची झाली. आणि तिच्या मधल्या खिडकीत, परातीएवढ्या तोंडाचे रत्नाकरराव सदलगे दोन्ही हातांनी कुणाला तरी बोलावत होते. बोट आणि धक्का यांच्यामध्ये चांगलं पंधरा हात पाणी होतं. रत्नाकररावांची पाठ भिंतीकडे होती, त्यामुळे हॉलमध्ये हे एकट्या त्यांनाच दिसत नव्हतं.

"मी डोकं शांत ठेवलं," ते म्हणाले.

पहिल्या रांगेतल्या महानंदाअक्कांनी चष्मा वर केला. महानंदाअक्का निपाणीच्याच, तिथल्या शाळेत मास्तरीण होत्या, आणि मंडळात सगळे त्यांना वचकून असत.

"रत्नाकरअण्णा," त्या म्हणाल्या, "बोटीत कोण बसलंय ते?"

रत्नाकरराव वळले.

"आणि शेजारच्या सीटवर ते पांढरं काय पसरलंय? रुमाल न्हवं?"

तिथे बसलेल्यांपैकी निम्मे लोक चिकोडी, निपाणी, बेळगावकडचे. त्यांना रुमाल म्हटल्यावर आणखी काही सांगावं लागलं नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी फुटलं आणि मग अख्खा हॉल हसत सुटला. गिरीराजनं गोंधळून पुढचं बटण दाबलं. कोपऱ्यात बोटीची वेळ होती दहा अठ्ठेचाळीस. पुढच्या फोटोत अकरा वाजून चौतीस मिनिटांनी कस्तुरीबाई एका पांढऱ्या मोराशेजारी उभ्या होत्या, पर्स खांद्याला, चेहऱ्यावर कसलीही काळजी नाही. त्याच्या पुढच्यात त्या पायरीवर बसून दशमी खात होत्या. सगळं वेळेच्या क्रमानं आणि पुराव्यानिशी.

"बाबा," लॅपटॉपमधून देवश्रीचा आवाज आला. ताटली तिनं खाली ठेवली होती. "तुम्ही आईला शोधत होतात ना?"

रत्नाकररावांचे कान लाल झाले. कस्तुरीबाई दुसऱ्या रांगेत पदर बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. इतके दिवस या क्षणाची त्यांनी वाट पाहिली होती, आणि आता तो आल्यावर त्यांना तो तितका गोड लागत नव्हता. कोट घातलेला माणूस भिंतीसमोर एकटा उभा होता.

"गिरीराज, मागचा फोटो लाव परत," रत्नाकरराव म्हणाले. बोट पुन्हा आली. ते तिच्याकडे बघत राहिले. "चुकीची बोट होती ती. हरवलो मीच. ही नाही हरवली. हिनं एकटीनं तिन्ही बेटं पाहिली आणि मी पलीकडच्या धक्क्यावर उपाशी बसलो होतो. मी तीन महिने सगळ्यांना खोटं सांगत आलो, ते चुकलं माझं." मग खिडकीकडे बोट दाखवत हळूच म्हणाले, "पण खिडकीची जागा हिची धरली होती."

कस्तुरीबाईंनी भिंतीकडे पाहिलं. खरंच, सीट दोन होत्या. रत्नाकरराव आतल्या सीटवरून अंग वाकवून हात करत होते आणि रुमाल होता तो खिडकीलगतच्या सीटवर. पन्नासदा फोटो मोठा करून त्यांनी दर वेळी नवऱ्याचं तोंड तेवढं पाहिलं होतं. त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि त्याच वेळी त्यांना हसूही आवरेना.

"पुढचं कोण सांगणार मग?" महानंदाअक्का म्हणाल्या. "ज्यांनी बेटं पाहिली त्यांनी सांगावं. उठा, कस्तुरीबाई."

त्या उठल्या. माईक कसा धरतात ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण पांढरे मोर ठाऊक होते. मोर सांगितले, खड्यांच्या खोल्या सांगितल्या, ठसका लागलेली म्हातारी सांगितली. तारांनी ताणून उभं धरलेल्या झाडाजवळ त्या जरा रेंगाळल्या. गिरीराजला उठवून रत्नाकरराव बटणापाशी जाऊन बसले होते. "पुढचा," असं कस्तुरीबाई म्हणत आणि ते निमूटपणे दाबत. खारा भात गार झाला, तरी कुणी उठलं नाही.

शेवटी देवश्री लॅपटॉपमधून म्हणाली, "आई, तिकीट काढतेय. एकटीचं. प्रतिमाआईंना मी सांगते, त्या नंतर येतील. आणि बाबा, तुम्ही विसर्जन झाल्यावर या. पण बोर्ड वाचून बसा."

विमान सकाळचं होतं. विमानतळाच्या दाराशी रत्नाकररावांनी कस्तुरीबाईंच्या बॅगेचं कुलूप तिसऱ्यांदा तपासलं, लाडवांचा डबा आडवा होणार नाही ना ते पाहिलं, आणि मग खिशातून घडी घातलेला पांढरा रुमाल काढला.

"ठेव जवळ. लागला तर."

"सीटचा नंबर ठरलेला असतो हो विमानात."

"ठाऊक आहे की. तरीपण."

मध्ये विमान त्यांनी बदललं, पाट्या वाचत, एकदा एका पोरीला विचारून, अर्ध्या तासात. दुसऱ्या विमानात खिडकीची जागा मिळाली. शेजारची सीट दारं बंद होत आली तरी रिकामीच होती. कस्तुरीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, पर्समधून रुमाल काढला, तो सीटवर नीट पसरला आणि चारी कोपरे सरळ केले.

हवाईसुंदरी जाता जाता थांबली. इथे कुणी बसलंय का, असं तिनं इंग्रजीत विचारलं.

"आमचे मिस्टर," कस्तुरीबाई म्हणाल्या. "मागच्या बोटीनं येतायत."